वर्षाला एकच पिल्लू: वटवाघळाच्या वारेचा भामरागडच्या मोहाशी आणि निपाहच्या भीतीशी काय संबंध?

निपाहची बातमी आली की दोन-तीन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागतात. झाडाला उलट्या लटकलेल्या वटवाघळांचा फोटो असतो आणि खाली सल्ला असतो, 'गावातलं असं झाड आधी तोडा.'

२०१८ मध्ये केरळमध्ये निपाहनं १७ जणांचा बळी घेतला, तेव्हापासून वटवाघूळ म्हणजे आजार हे समीकरण अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं. २०२० मध्ये करोना आला आणि देशात ठिकठिकाणी वटवाघळांना हुसकावण्याच्या मागण्या झाल्या. २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याची बातमी आली आणि भीती महाराष्ट्रातही पोचली.

भीती वाटणं समजण्यासारखं आहे. पण झाड तोडल्यानं किंवा वटवाघळं हुसकावल्यानं धोका कमी होतो का? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर वटवाघळाच्या मादीच्या गर्भारपणात आहे. ती किती पिल्लं देते, गर्भ कसा वाढतो, वार कशी तयार होते आणि हे सगळं वर्षाच्या कोणत्या महिन्यांत घडतं, हे कळलं की पुढचं समजायला सोपं जातं. उदाहरण म्हणून आपण गडचिरोली जिल्ह्यातला भामरागड तालुका घेऊ.

भामरागडच का?

भामरागड हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा, छत्तीसगडला लागून असलेला तालुका. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम इथे होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचं गाव जगापासून तुटतं, हे दर वर्षी बातम्यांत दिसतं. जवळच हेमलकसा आहे, जिथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९९७ मध्ये इथे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं अभयारण्यही घोषित झालं.

इथल्या माडिया गोंड कुटुंबांच्या वर्षभराच्या हिशोबात मोहाला मोठी जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची, वाळवायची, काही घरात ठेवायची, काही विकायची. पुढे फळं आली की बियांचं तेल. आणि या मोहाच्या झाडावर रात्री जे पाहुणे येतात, त्यांत फळं खाणारी वटवाघळं महत्त्वाची आहेत.

मोहाचं फूल रात्री उमलतं. त्याच्या पाकळ्या मांसल आणि गोड असतात. वटवाघूळ त्या खायला येतं, अंगाला पराग लागतात आणि ते पुढच्या झाडाकडे जातं. मोहाच्या परागीभवनात फळवटवाघळांचा मोठा वाटा असल्याचं भारतातल्या अभ्यासांतून दिसलं आहे. फळं खाऊन बिया दूर नेऊन टाकणं हे त्यांचं दुसरं काम. पिकलेली टेंभरं, उंबरं, जांभळं यांच्या बिया अशाच पसरतात.

फळवटवाघळं म्हणजे नेमकी कोणती?

विदर्भासह मध्य भारतात फळं खाणारी तीन वटवाघळं प्रामुख्यानं आढळतात.

पहिलं सगळ्यात मोठं. भरवस्तीत किंवा नदीकाठी वड, पिंपळ, अर्जुन अशा उंच झाडांवर शेकड्यांनी लटकणारं. त्याला उडता कोल्हाही म्हणतात. शास्त्रीय नाव टेरोपस. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास भरतात.

दुसरं लहान, आखूड नाकाचं, सायनोप्टेरस. ते ताडाच्या किंवा केळीच्या पानाखाली छोट्या गटांत राहतं. तिसरं रुसेटस, जे गुहा, जुने किल्ले आणि पडक्या इमारतींत राहतं. महाबळेश्वरच्या अभ्यासात प्रतिपिंडं सापडली ती मुख्यतः या तिसऱ्या जातीत.

या तिघांच्या गर्भारपणाचा अभ्यास कुठे झाला, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. त्यातला मोठा भाग भामरागडपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या नागपुरात झाला.

नागपूरनं जगाला काय सांगितलं?

नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी १९५१ मध्ये टेरोपसच्या गर्भाची वाढ आणि त्याची वार यांवर सविस्तर शोधनिबंध लिहिला. तो लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. १९५६ मध्ये त्यांनी सायनोप्टेरसवरही असंच काम प्रसिद्ध केलं.

पुढे याच संस्थेत ए. गोपालकृष्ण आणि के. बी. करीम यांनी वटवाघळांच्या अनेक जातींचा गर्भविकास तपासला. वटवाघळांच्या वारेबद्दल जगात कुठेही लिहिलं गेलं तरी नागपूरच्या या कामाचा उल्लेख टाळता येत नाही. विदर्भाबाहेर मात्र, आणि खरं तर विदर्भातही, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही.

वार कशी असते?

वार म्हणजे आई आणि गर्भ यांना जोडणारा अवयव. गर्भाला अन्न आणि ऑक्सिजन पोचवणं आणि त्याच्याकडचा कचरा परत नेणं हे तिचं काम. बाळंतपणानंतर ती बाहेर पडते.

सगळ्या सस्तन प्राण्यांची वार सारखी नसते. मुख्य फरक हा की आईचं रक्त आणि गर्भाचा भाग यांच्यामध्ये आईच्या बाजूचे किती थर शिल्लक राहतात.

गाय: आईच्या बाजूचे तिन्ही थर शाबूत राहतात. दोघांच्या रक्तात अंतर जास्त. त्यामुळे गाईची प्रतिपिंडं वारेतून वासराला मिळत नाहीत. म्हणूनच वासराला जन्मल्यावर लगेच चीक पाजावा लागतो. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, त्यावर वासराचा पहिला हक्क असतो तो याच कारणानं.

कुत्रा, मांजर: वरचे थर झिजतात, पण आईच्या रक्तवाहिनीची भिंत राहते.

माणूस: तीही भिंत जाते. गर्भाच्या वारेचा पृष्ठभाग थेट आईच्या रक्तात बुडलेला असतो.

फळवटवाघळांची पूर्ण वाढलेली वार या तिसऱ्या प्रकारात मोडते. आकारानं ती तबकडीसारखी असते, तीही आपल्यासारखीच.

मग वटवाघूळ आपलं जवळचं नातेवाईक आहे का? १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ जॉन पेटिग्र्यू यांनी मेंदू आणि डोळे यांच्या जोडणीवरून फळवटवाघळं माकडांच्या कुळाजवळची असल्याची कल्पना मांडली होती. नंतर डीएनएच्या पुराव्यानं ती खोडून काढली. वारेतलं साम्य स्वतंत्रपणे आलेलं आहे.

एका वेळी एकच पिल्लू का?

टेरोपसच्या मादीच्या गर्भाशयाला दोन वेगळ्या नळ्यांसारखे भाग असतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. ज्या बाजूच्या बीजकोशातून बीज सुटतं, त्याच बाजूची नळी गर्भासाठी तयार होते. तीसुद्धा पूर्ण नाही, बीजकोशाजवळचं टोकच आधी फुगतं आणि गर्भ तिथेच रुजतो. दुसरी बाजू शांत राहते. संप्रेरक सगळ्या शरीरात फिरून काम करण्याआधी शेजारच्या टोकावर थेट परिणाम करतं, असं यावरून दिसतं. १९५० च्या दशकातच हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं.

सुरुवातीचे काही दिवस गर्भाचं पोषण पीतक कोशाच्या मदतीनं होतं. कोंबडीच्या अंड्यात बलक धरून ठेवणारी पिशवी असते, तिचाच हा सस्तन प्राण्यांतला अवशेष. त्यात बलक नसतो, पण सुरुवातीला तो गर्भाला आईशी जोडायला मदत करतो. मग खरी वार तयार होते आणि काम हातात घेते. फळवटवाघळांत गंमत अशी की पीतक कोश यानंतर नाहीसा होत नाही. त्याच्या पेशी फुगतात आणि तो एखाद्या ग्रंथीसारखा दिसू लागतो.

हे सगळं एका पिल्लासाठी. टेरोपसचं गर्भारपण १४० ते १५० दिवसांचं, म्हणजे जवळपास पाच महिन्यांचं असतं. पिल्लू आईच्या वजनाच्या मानानं मोठं जन्मतं. पहिले काही आठवडे ते आईच्या छातीला घट्ट चिकटून असतं आणि आई त्याला घेऊनच उडते. मग ती त्याला झाडावर ठेवून चरायला जाते. उडायला शिकायला त्याला सुमारे अडीच-तीन महिने लागतात आणि दूध सुटायला आणखी वेळ.

उंदराशी तुलना करून बघा. उंदराचं गर्भारपण तीन आठवड्यांचं. एका वेळी आठ-दहा पिल्लं आणि वर्षात अनेक वेळा. टेरोपसच्या मादीचं या वर्षीचं पिल्लू गेलं तर पुढची संधी पुढच्या वर्षी. ही वटवाघळं दीर्घायुषी असतात, बंदिवासात एक टेरोपस ३१ वर्षं जगल्याची नोंद आहे. त्यामुळे थवा वर्षानुवर्षं तसाच दिसतो. पण दर वर्षी पिल्लं मरत असतील, तर ते कळायला उशीर होतो.

लहान जातींचं थोडं वेगळं आहे. सायनोप्टेरस आणि रुसेटस वर्षातून दोनदा वितात. एका खेपेला एक नळी, दुसऱ्या खेपेला दुसरी. एक बाळंतपण झालं की मादी लगेच पुन्हा गर्भार राहू शकते, कारण दुसरी नळी तयारच असते. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांना सायनोप्टेरसमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. थंडीच्या सुरुवातीला गर्भ रुजतो, पण काही काळ त्याची वाढ मंदावते. त्यामुळे पिल्लू अन्न मुबलक असताना जन्माला येतं.

मोहाचा हंगाम आणि बाळंतपणाचा हंगाम

आता हे महिने एकापुढे एक ठेवू.

टेरोपस: जुलै ते ऑक्टोबर मीलन, हिवाळाभर गर्भारपण, फेब्रुवारी ते मे दरम्यान पिल्लं.

सायनोप्टेरस: पहिली पिल्लं फेब्रुवारी-मार्च, दुसरी जून-जुलै.

रुसेटस: पहिली पिल्लं मार्चच्या आसपास, दुसरी जुलै-ऑगस्टला.

मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे भामरागडच्या जंगलात मोहाचा सडा पडतो, त्याच काळात या माद्या एकतर शेवटच्या दिवसांत असतात किंवा पिल्लाला दूध पाजत असतात. गर्भारपणापेक्षा दूध पाजताना शरीराला जास्त खर्च येतो. मोहाच्या गोड पाकळ्या त्यांना नेमक्या वेळी मिळतात. मोहालाही याच वेळी परागीभवनासाठी भुकेली वटवाघळं मिळतात.

म्हणून मोठं झाड तोडण्याचा किंवा फटाके लावून थवा उठवण्याचा सगळ्यात वाईट काळ कोणता, तर हाच. नेमक्या याच काळात उन्हाळी कामं निघतात, रस्त्याकडेची झाडं छाटली जातात आणि लोक सावलीत बसायला लागले की वरून पडणाऱ्या घाणीची तक्रारही वाढते. थवा एकदम उठला की चिकटलेली पिल्लं खाली पडतात. झाडावर ठेवलेल्या पिल्लाकडे आई परत येईलच याची खात्री नसते.

मग निपाहचं काय?

इथे धोका नाकारून चालणार नाही. टेरोपस हा निपाह विषाणूचा नैसर्गिक आश्रयदाता आहे, हे सिद्ध झालेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून नमुने घेतले आणि त्यात निपाहविरोधी प्रतिपिंडं आढळली. लक्षात ठेवायचं ते हे की ही प्रतिपिंडं वटवाघळांत सापडली, माणसांत नाही.

वारेचा इथे थेट संबंध येतो. निपाहचा जुळा म्हणावा असा विषाणू म्हणजे ऑस्ट्रेलियातला हेंड्रा, जो १९९४ मध्ये घोडे आणि माणसांत दिसला. तो वटवाघळांतून येतो हे कसं कळलं? २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शास्त्रज्ञांना हा विषाणू गर्भार वटवाघळाच्या गर्भाशयातल्या द्रवात आणि गर्भाच्या फुप्फुसात मिळाला. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात हेंड्रा वार ओलांडून गर्भापर्यंत जाऊ शकतो हेही दिसलं.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच एका अभ्यासात आढळलं की गर्भार आणि दूध पाजणाऱ्या माद्यांत हेंड्राच्या संसर्गाच्या खुणा जास्त होत्या. अन्नाची टंचाई असलेल्या काळातही त्या वाढल्या होत्या. शरीर थकलेलं असेल, अन्न कमी असेल, तर विषाणूला आवर घालणं प्राण्यालाही जड जातं.

आई पिल्लाला संरक्षणही देते. हेंड्राविरुद्धची आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लात सरासरी आठ-साडेआठ महिने टिकतात, असं २०१३ मधल्या अभ्यासात दिसलं. ती संपली की थव्यात संसर्ग होऊ शकेल अशा तरुण वटवाघळांची नवी तुकडी तयार होते. निपाहचा धोका फक्त विणीच्या काळात असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. बांगलादेशात सहा वर्षं चाललेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वटवाघळांत निपाहचा फैलाव वर्षाच्या कोणत्याही काळात होऊ शकतो. तो थव्याच्या प्रतिकारशक्तीवर आणि दाटीवर जास्त अवलंबून असतो.

हुसकावलं तर धोका कमी होतो का?

हुसकावलेली वटवाघळं मरत नाहीत, ती दुसरीकडे जातात. दुसऱ्या झाडावर दाटी होते. थकलेल्या, भुकेल्या, गर्भार माद्या नव्या जागी अन्न शोधतात. जंगलातलं अन्न कमी झालं असेल तर ती वस्तीतल्या आंबा-पेरूकडे वळतात. ऑस्ट्रेलियात २५ वर्षांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असाच आहे. हिवाळ्यात फुलणारी जंगलं कमी झाली, वटवाघळं शेती आणि वस्तीजवळ आली आणि हेंड्रा घोड्यांपर्यंत पोचण्याच्या घटना वाढल्या. ज्या हिवाळ्यात जंगल भरभरून फुललं, त्या वेळी वटवाघळं तिकडे गेली आणि अशा घटना थांबल्या.

हे गडचिरोलीला कसं लागू होतं? शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोहखनिजाची खाण सुरू आहे, जिल्ह्यात रस्ते आणि पूल होत आहेत. पर्लकोटेच्या पुरात अडकणाऱ्या रुग्णासाठी पक्का रस्ता ही चैन नाही, गरज आहे. पण प्रत्येक कामात आधी जातात ती जुनी, उंच, फुला-फळांची झाडं. त्यांच्या बदल्यात लावलेल्या रोपांवर वटवाघूळ लटकायला आणि त्यांना फळं यायला कित्येक वर्षं लागतात. तेवढा काळ ही वटवाघळं कुठे राहणार आणि काय खाणार, हा प्रश्न पर्यावरणाचा आहे तसा सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवटवाघळं दीर्घकाळ पाचव्या अनुसूचीत होती. उंदीर आणि कावळ्यांबरोबर, 'उपद्रवी' म्हणून. म्हणजे त्यांना मारायला बंदी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीनं ही अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवी रचना लागू झाली. केंद्र सरकार आजही एखाद्या भागापुरतं, ठरावीक काळासाठी काही प्राण्यांना उपद्रवी घोषित करू शकतं. पण 'वटवाघूळ मारलं तर काही होत नाही' हे जुनं ज्ञान आता चालणार नाही.

भामरागडमध्ये काय करता येईल?

निपाह माणसात येण्याचे मार्ग ठाऊक आहेत आणि ते बंद करणं झाड तोडण्यापेक्षा स्वस्त आहे.

पहिलं, रस. बांगलादेशात खजुराच्या झाडाला लावलेल्या मडक्यात वटवाघळं तोंड घालतात आणि कच्च्या रसातून निपाह माणसात येतो, हे अनेकदा दिसलं आहे. तिथे झाडाचा सोललेला भाग आणि मडक्याचं तोंड दोन्ही झाकलं जाईल असं बांबूच्या कामट्यांचं झाकण बांधण्याचा उपाय उपयोगी ठरला. ताडी, शिंदी, गोरगा उतरवणाऱ्या भागात हे सहज करता येईल. बांबू तर दाराशीच आहे.

दुसरं, फळं. अर्धवट खाल्लेलं, दातांच्या खुणा असलेलं फळ खायचं नाही, जनावरांनाही घालायचं नाही. बाकीची फळं धुऊन, सोलून खायची.

तिसरं, खाली पडलेलं पिल्लू. उघड्या हातानं उचलायचं नाही. मुलांना लांब ठेवायचं आणि वन विभागाला कळवायचं. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

चौथं, मांस आणि चरबी. दमा किंवा सांधेदुखीवर औषध म्हणून वटवाघूळ वापरण्याची समजूत देशात अनेक ठिकाणी आहे. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. प्राणी पकडताना आणि कापताना मात्र त्याच्या लाळेशी, रक्ताशी थेट संपर्क येतो. मादी गर्भार असेल तर गर्भाशयातल्या द्रवाशीही.

पाचवं, झाडांची नोंद. वन हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार आपल्या हद्दीतलं जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वन हक्क मिळवून देशाला वाट दाखवली. वटवाघळांची झाडं कोणती, थवा केव्हापासून आहे, पिल्लं कोणत्या महिन्यांत दिसतात, एवढी माहिती गावातल्या जाणत्यांकडे असतेच. ती ठरावाच्या वहीत आली, तर रस्त्याचं किंवा छाटणीचं काम निघेल तेव्हा ग्रामसभेला दोन गोष्टी लेखी मागता येतील. हे झाड वाचवता येईल का? आणि छाटणी अगदीच टाळता येत नसेल, तर ती निदान फेब्रुवारी ते जूनच्या बाहेर करता येईल का?

तीन जातींचं वेळापत्रक पाहिलं तर पूर्ण मोकळा असा महिना सापडत नाही. पण टेरोपसच्या मोठ्या थव्यांसाठी हे पाच महिने टाळले, तरी त्या वर्षीची बहुतेक पिल्लं उडायला शिकतील. पुढच्या मार्चमध्ये मोह फुलेल तेव्हा त्यांतली काही त्या झाडांवर असतील.

तेव्हा पुढच्या वेळी 'झाड तोडा' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी कॅलेंडर बघा. आणि त्याच ग्रुपवर मडक्याला झाकण लावायची माहिती पाठवा.